घराचं नूतनीकरण : देखरेखीला वेगळा माणूस नेमावा का?

घरटं_सावरतेय

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावर तीन आठवडे खल चाललाय आणि निष्पन्न शून्य, म्हणून धागा काढतेय.

घर पंचवीस वर्षं जुनं. दोन्ही बाथरूम मुळापासून, स्वयंपाकघर पूर्ण, सगळ्या घराचं वायरिंग, खिडक्या बदलायच्या आणि शेवटी रंग. भिंत एकही पाडायची नाही. ठेकेदार मिळालाय. त्याची आधीची दोन कामं बघून आलो, हात चांगला आहे. डिझाइन एका आर्किटेक्टबाईंकडून करून घेतलंय. आता त्या म्हणतात की रोजच्या देखरेखीला आमच्याकडचा एक माणूस घ्या, त्याचे एकूण खर्चाच्या आठ टक्के वेगळे. ठेकेदार म्हणतो, "ताई, त्याला कशाला पैसे देता, मी आहे ना सगळं बघायला." नवरा म्हणतो, आपण दोघं बघू की, रोज संध्याकाळी एक चक्कर मारली की झालं.

त्या आठ टक्क्यांत आमच्या निम्म्या खिडक्या होतात. म्हणून विचारतेय, हा माणूस नक्की करतो काय? नुसता उभा राहून "हे वाकडं आहे" म्हणणार असेल तर तेवढं मलाही दिसतं. ज्यांनी नेमला आणि ज्यांनी नाही नेमला, दोघांचे अनुभव हवेत.

रिकामटेकडा

"घर पाहावं बांधून" ही म्हण पुढच्या पाच प्रतिसादांत कुणीतरी टाकणारच, म्हणून मीच टाकून मोकळा होतो. आता चालू द्या. खुर्ची ओढून बसलोय.

शंकेखोर

थोडं कडू बोलतो. घरदुरुस्तीच्या 'मॅनेजमेंट'चं हे नवीन फॅड आहे. पूर्वी एक मिस्त्री असायचा. तोच गवंडी आणायचा, तोच सुतार, तोच रंगारी, आणि घरं होतच होती. आता ठेकेदाराच्या डोक्यावर सुपरवायझर, सुपरवायझरच्या डोक्यावर आर्किटेक्ट आणि या सगळ्यांच्या पायाखाली तुमचा खिसा. ठेकेदार चांगला असेल तर त्याला मोकळेपणी काम करू द्या. वाईट असेल तर दहा माणसं उभी करा, तो करायचं तेच करणार. आठ टक्के वाचवा आणि चांगले नळ घ्या.

ओळंबा

बावीस वर्षं साइटवर काढली, आता फक्त सल्ल्यापुरता जातो. तेव्हा माझं मत एका बाजूचं आहे असं धरूनच वाचा.

ताई, "हे वाकडं आहे" सांगायला माणूस नको, हे तुमचं बरोबर. वाकडं दिसतं तेव्हा ते होऊन गेलेलं असतं. देखरेख करणाऱ्याचं डोकं नेहमी परवाच्या कामात असतं. आज गवंडी झिऱ्या (पाइपांसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) बुजवतोय, तर त्याआधी वायरमनने सगळ्या पाइपांतून वायर ओढून बघितली का? परवा टाइल्स लावायच्यात, तर सगळे बॉक्स एकाच बॅचचे आलेत का? उतरवून घ्यायला कोण आहे? ज्या खोलीत रचून ठेवणार तिथेच उद्या सुतार बसणार नाही ना?

एकच बाथरूम घ्या. तोडफोड, राडारोडा बाहेर, मग पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी. लाइन टाकली की तोंडं बंद करून पंपाने दाब देऊन ठेवायचा, काटा उतरला तर कुठेतरी गळतंय. मग वॉटरप्रूफिंगचा एक हात, तो वाळल्यावर आडवा दुसरा हात. तो पक्का झाला की नहाणी ट्रॅपला (जमिनीतल्या पाणी जाण्याच्या तोंडाला) बोळा लावून पाणी भरायचं आणि दोन दिवस पातळीवर खूण करून तसंच ठेवायचं, खालच्या छतावर ओल येते का बघायचं. मग उताराचा थर, मग टाइल्स, त्या धरल्या की सांधे भरायचे, मग दार, आणि सगळ्यात शेवटी नळ-भांडी. हात चालतात असे दिवस मोजले तर दहा-बारा. वाळायचे, मुरायचे, थांबायचे दिवस मिळवले तर तीन आठवडे सहज जातात.

आता गंमत बघा. मालकाचा फोन येतो, "आज कुणीच आलं नाही!" अहो, आत पाणी भरून ठेवलंय, येणार कोण? पण खरंच कुणी यायला हवं होतं आणि खाडा झाला, तोही दिवस बाहेरून तसाच दिसतो. कुलूप, शांतता, कोपऱ्यात घमेलं. पहिल्या दिवशी जो मालक ओरडतो तोच दुसऱ्या दिवशी "असेल काहीतरी वाळत" म्हणून गप्प बसतो. या दोन दिवसांतला फरक ज्याला कळतो तो माणूस तुम्हाला हवाय. तो तुमच्या घरातलाच असला तरी चालेल, पण संध्याकाळच्या चकरीने ते होत नाही. संध्याकाळी पाचला मिस्त्री गेलेला असतो आणि सिमेंट धरलेलं असतं.

तक्तेबाज

ओळंबा यांना अनुमोदन. मी सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट मॅनेजर (दगड मारू नयेत). ते जे सांगताहेत त्याला आमच्याकडे क्रिटिकल पाथ म्हणतात. ही पद्धत संगणकवाल्यांची नाही बरं का. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ या रसायन कंपनीत कारखान्याची उभारणी आणि देखभाल वेळेत व्हावी म्हणून जेम्स केली आणि मॉर्गन वॉकर या दोघांनी ती बसवली. म्हणजे मूळ विटा-पाइपांचंच काम. कुठलं काम कशासाठी अडतं याची साखळी मांडायची आणि सगळ्यांत लांब साखळी शोधायची. त्या साखळीतला एक दिवस गेला की पूर्ण घराचा एक दिवस गेला. बाकीची कामं दोन-चार दिवस पुढेमागे झाली तरी बिघडत नाही.

नूतनीकरणात ही साखळी बहुतेक वेळा लोकांना वाटते तिथे नसते. सगळ्यांचं लक्ष गवंड्यावर. पण खिडक्या मापाने बनवून यायला सहा आठवडे लागणार असतील आणि तोडफोड झाल्यावर तुम्ही ऑर्डर दिली, तर गवंडी कितीही धावला तरी घर खिडक्यांसाठीच थांबणार. खिडकी नाही म्हणून कडेचा गिलावा नाही, गिलावा नाही म्हणून तिथली पुट्टी नाही, पुट्टी नाही म्हणून रंगारी दुसरं काम धरतो, आणि एकदा त्याने दुसरं काम धरलं की तो त्याच्या सवडीने परत येतो. तेव्हा पहिल्या दिवशी घण उचलण्याआधी ज्या वस्तू बनून यायच्यात त्यांची यादी करा.

दुसरं. मुदतीचा अंदाज माणसाला मुळातच जमत नाही. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये यावर लिहिलं. पुढे १९९४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध कधी संपेल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे "सगळं बिनसलं तर" हा अंदाजही कमी पडला. अमेरिकेत २००२ मध्ये स्वयंपाकघर नव्याने करून घेणाऱ्यांची पाहणी झाली होती, तिथेही सरासरी खर्च अपेक्षेच्या दुपटीवर गेला होता. यावर उपाय म्हणजे स्वतःचा बेत बघून अंदाज बांधायचाच नाही. अशाच घराला इतरांना किती लागले ते विचारायचं आणि तोच आकडा धरायचा.

रिकामटेकडा

तक्तेबाजसाहेब, आपण स्वतःचं घर किती दिवसांत केलंत? :)

तक्तेबाज

ठरवले होते साठ दिवस. लागले एकशे दहा. रंगीत तक्ता भिंतीवर लावला होता, त्यावरच रंग मारला गेला.

पाना_पक्कड

मी प्लंबिंगची कामं घेतो. इथे सगळे मालकच बोलताहेत म्हणून दुसरी बाजू सांगतो.

उशीर आमच्यामुळे होतो तेवढाच तुमच्यामुळे होतो. भिंतीत लपणाऱ्या शॉवरच्या मिक्सरची बॉडी भिंतीत किती खोल बसवायची हे टाइलच्या जाडीवर असतं. त्या बॉडीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा खुणा असतात. मी विचारतो, टाइल कुठली? उत्तर येतं, "बघतोय अजून, तुम्ही बसवून घ्या." बसवली. मग येते जाड टाइल, खाली मसाला जास्त, बॉडी आत जाते आणि वरची तबकडी बसत नाही. मग फोडा टाइल. शिव्या कुणाला? मला. कमोडचंही तेच. जमिनीत आउटलेट जाणारा असेल तर भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. ते सुद्धा टाइल लागल्यानंतरच्या भिंतीपासून. कमोड आधी ठरवा, लाइन मग टाकतो. लोक उलटं करतात.

आणि मुख्य त्रास म्हणजे एका घरात दोन मालक. सकाळी ताई सांगतात बेसिन इथे, संध्याकाळी दादा सांगतात तिथे. मी कुणाचं ऐकू? मी दोघांना हो म्हणतो आणि ज्याने पैसे दिले त्याचं करतो. चुकलं तर सांगा.

देखरेखीचा माणूस असला की आम्हाला बरं पडतं. खोटं वाटेल. पण तो एकच बोलतो, लिहून देतो आणि मी पोचलो की मागचं काम झालेलं असतं. फुकटची फेरी होत नाही. जिथे माझ्या फेऱ्या वाया जाणार हे दिसतं तिथे मी मजुरी आधीच वाढवून सांगतो, आता लपवत नाही.

घरटं_सावरतेय

पाना_पक्कड दादा, "सकाळी ताई, संध्याकाळी दादा" वाचून नवऱ्याला फोन दाखवला. तो म्हणाला, हे आपल्याच घरी येऊन गेलेत का?

निवांत

मी नेमला नव्हता. सगळं स्वतः केलं, तेव्हा नोकरीतून मोठी सुट्टी घेतली होती. तो पहिला मुद्दा लक्षात घ्या. फुकट झालं असं मी कधीच म्हणत नाही.

जे उपयोगी पडलं ते सांगते, क्रम असा काही नाही.

निर्णयांची वही. कामांची यादी ठेकेदाराकडे असते, निर्णयांची कुणाकडेच नसते. प्रत्येक निर्णयापुढे शेवटची तारीख लिहिली होती: हे मी कधीपर्यंत ठरवलं नाही तर काम थांबेल? स्विचच्या जागा झिऱ्या मारायच्या आधी. नळांचे मॉडेल लाइनच्या आधी. कपाटाच्या मुठी मात्र अगदी शेवटपर्यंत उघड्या ठेवल्या, कारण त्यांच्यावाचून काहीच अडत नव्हतं. आमच्या घरात सर्वांत जास्त वाद मुठींवर झाला होता! वहीत लिहिल्यावर कळलं की त्याला अजून दोन महिने आहेत, मग सगळे गप्प.

फोटो. भिंत बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो, मोजपट्टी लावून. एक पट्टी जमिनीपासून उभी, एक कोपऱ्यापासून आडवी. नुसता फोटो काढलात तर पाइप आहे एवढं कळतं, कुठे आहे ते कळत नाही.

बदल लिहून. तोंडी "तेवढं ते पण करून टाका" म्हटलं की शेवटच्या बिलात त्याचे सात फाटे फुटतात. काय बदल, किती जास्त पैसे, किती दिवस वाढले, एवढ्या तीन गोष्टी मोबाइलवर संदेशात टाकायच्या आणि समोरून "ठीक" आल्याशिवाय काम चालू होऊ द्यायचं नाही. याने ठेकेदार सुरुवातीला नाराज झाला. महिन्याभराने तोच मला संदेश टाकायला लागला.

पैसे कामाच्या टप्प्यावर, तारखेवर नाही. "सोमवारी उचल" हा शब्दच काढून टाकला. लाइन टाकून दाब तपासला की इतके, पाण्याची चाचणी झाली की इतके, शेवटचे दहा टक्के राहिलेल्या बारीकसारीक दुरुस्त्या झाल्यावर.

जे जमलं नाही तेही सांगते. रंगाऱ्याने माप लावताना खिडक्या-दारांची जागा वजाच केली नाही, मी पैसे देऊन मोकळी झाले आणि दोन महिन्यांनी लक्षात आलं. माहीतगार माणूस असता तर तिथल्या तिथे पकडलं असतं. आणि दुसरं, मी त्या काळात घरी सगळ्यांवर खेकसत होते. ते बिलात दिसत नाही.

आजोबा_ऑनलाइन

काम चालू असताना घरातच राहणार असाल तर दोन्ही बाथरूम एकदम फोडू नका. हास्यास्पद वाटेल, पण आमच्या शेजारी फोडली होती. आठवडाभर आमच्याकडे रांग.

घरटं_सावरतेय

आजोबा, आम्ही तेच करणार होतो! ठेकेदारच म्हणाला होता, एकदम झालं की लवकर होतं.

ओळंबा

एकदम केलं की त्याचं लवकर होतं हे खरं. माणसं एका जागी लागतात. तुमच्या घरात राहण्याचा हिशेब त्याच्या हिशेबात नसतो आणि तो असावा अशी अपेक्षाही करू नये. "मी आहे ना सगळं बघायला" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. तो बघतोच. फक्त त्याच्या हातात एका वेळी तीन-चार कामं असतात आणि तो सगळ्यांचं मिळून बघतो. तुमच्या घरातला सुतार दोन दिवस दुसरीकडे नेणं हे त्याच्या बाजूने उत्तम व्यवस्थापनच आहे.

शंकेखोर

बरं, ही गोष्ट मान्य. ठेकेदाराचं व्यवस्थापन आणि मालकाचं व्यवस्थापन वेगळं. पण मग मूळ धाग्याकडे बघा, कुणीच विचारलं नाही. हा देखरेखीचा माणूस आर्किटेक्टबाईंचा. त्याची फी *खर्चाच्या* आठ टक्के. म्हणजे खर्च वाढला की फी वाढली. बदल झाला की फी वाढली. महागडी टाइल घेतली की फी वाढली. जो माणूस खर्च आवरायला ठेवायचा त्याचं पोट खर्च वाढण्यावर! आणि डिझाइनमध्येच चूक निघाली तर तो कुणाला सांगणार? ज्या बाईंनी त्याला पाठवलं त्यांनाच.

तक्तेबाज

हा खरा मुद्दा आहे. मी दोन हजार शब्द खर्च केले आणि हे सुचलं नाही.

ओळंबा

शंकेखोर, तुम्हाला साइटवर घ्यायला हवं होतं. टक्केवारीची पद्धत सर्रास आहे आणि ती घेणारे सगळे लबाड नसतात, हे आधी नोंदवतो. पण मालकाने मागायचं असेल तर ठरावीक रक्कम मागावी, किंवा भेटीगणिक.

ताई, तुमच्या कामासाठी माझं मत विचाराल तर रोजचा माणूस नको. भिंत पाडायची नाही, मजला एकच, ठेकेदाराचा हात बघितलेला. भिंतीला हात लावायचा असता तर मी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हटलं असतं आणि मग बाकी सगळं. तुम्ही कुणातरी तिऱ्हाइताला, ज्याचा ना ठेकेदाराशी संबंध ना डिझाइनशी, सात-आठ वेळा बोलवा. जे झाकलं जाणार आहे ते झाकायच्या आधी बघायला. वायरिंगचे पाइप बुजवायच्या आधी, पाण्याची लाइन दाबाखाली असताना, वॉटरप्रूफिंगवर पाणी उभं असताना, टाइल्सची पहिली ओळ लागताना, ओट्याचं माप घेताना, मोजमापाच्या बिलाला आणि शेवटी. बाकीचं निवांतताईंची वही करेल. पण वही सांभाळणारा एकच हवा.

रिकामटेकडा

पहिली ओळ का? शेवटची नको?

ओळंबा

पहिली ओळ ठरवते कापलेले तुकडे कुठल्या कोपऱ्यात पडणार. दारातून आत पाऊल टाकताच समोर दोन बोटांची पट्टी दिसली की ती आयुष्यभर दिसते. आधी कोरड्या मांडून बघायच्या. जमिनीचा उतारही तिथेच ठरतो, मीटरला एक-दोन सेंटिमीटर ट्रॅपकडे. शेवटच्या ओळीला जाऊन काय बघणार, फोटो काढणार?

शंकेखोर

अवांतर: मुदत हुकायला लागली की ठेकेदार म्हणतो "माणसं वाढवतो". तक्तेबाज, तुमच्याकडे यावर काही नियम आहे ना?

तक्तेबाज

आहे. फ्रेड ब्रुक्स या संगणकतज्ज्ञांनी १९७५ मध्ये मांडला: उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की उशीर अजून वाढतो. घरात थोडं वेगळं आहे. रंगाला माणसं वाढवली तर खरंच लवकर होतो, खोल्या वाटून घेता येतात. लहान बाथरूममध्ये दुसरा गवंडी घातला तर दोघं एकमेकांच्या कोपराला कोपर लावतात. आणि वॉटरप्रूफिंग वाळायला चार माणसं उभी केली तरी ते तेवढ्याच वेळात वाळतं. कुठलं काम माणसांनी आवरतं आणि कुठलं नाही हे "माणसं वाढवतो" म्हणणाऱ्याला विचारायचं.

घरटं_सावरतेय
*(नऊ दिवसांनी)*

सगळ्यांचे आभार. ठरलं असं. आर्किटेक्टबाईंना नम्रपणे नाही म्हटलं, त्यांनी समजून घेतलं. ओळखीतून एक निवृत्त इंजिनिअर काका मिळाले, आठ भेटी, भेटीगणिक पैसे. वही माझ्याकडे, पैसे नवऱ्याकडे. साइटवर तो तोंड उघडणार नाही असं त्याने कबूल केलंय, साक्षीदार आहेत. खिडक्यांची ऑर्डर आजच दिली, तोडफोड नंतर. ठेकेदाराला आधी वाईट वाटलं, "माझ्यावर विश्वास नाही का" वगैरे. त्याला पाना_पक्कड दादांचं "फुकटची फेरी होत नाही" वाक्य ऐकवलं, मग जरा सैल झाला. मुदत त्याच्या मते नऊ आठवडे. मी वहीत चौदा लिहिलेत, त्याला दाखवले नाहीत.

घरटं_सावरतेय
*(पाच महिन्यांनी)*

धागा वर काढतेय, कारण असे धागे अर्धवट सोडून जाणाऱ्यांचा मला स्वतःला राग येतो.

झालं. सोळा आठवडे लागले. वहीतले चौदाही कमीच पडले, तक्तेबाज हसले तरी चालेल.

काकांच्या आठपैकी पाच भेटींत काहीच निघालं नाही. तेव्हा नवरा दर वेळी माझ्याकडे बघायचा. उरलेल्या तिनांत निघालं ते असं. दुसऱ्या बाथरूममध्ये दाबाची चाचणी लावली आणि रात्रीत काटा उतरला. एका सांध्यातून थेंब. अर्ध्या तासाचं काम होतं, टाइल्सच्या मागे गेलं असतं तर मी पुढचा विचारच करत नाही. दुसरं, स्वयंपाकघरातल्या ओव्हन आणि गिझरला वेगवेगळी लाइन हवी होती, वायरमनने एकच ओढली होती, झिऱ्या बुजायच्या आत सापडलं. तिसरं रंगाचं बिल. निवांतताई, तुमच्याचसारखं, खिडक्यांची जागा वजा नव्हती. काकांनी पट्टी काढली तेव्हा रंगारीच म्हणाला, "ते राहिलं वाटतं." तेवढ्या फरकात काकांच्या तीन भेटींचे पैसे निघाले.

चुका माझ्याही झाल्या. बाहेरच्या खोलीत जुन्या फरशीवरच नवीन टाइल्स लावायचं ठरलं, धूळ नको म्हणून. वहीत टाइल होती, रंग होता, तारीख होती. जमीन वर येणार म्हणजे दारं खालून घासणार, हे नव्हतं. कुणालाच सुचलं नाही, काकांनाही नाही, ती त्यांच्या भेटीची जागाच नव्हती. तीन दारं उतरवून रंधा मारावा लागला, तेही रंग झाल्यावर. सुतार दुसऱ्या कामावर गेला होता. इथे दीड आठवडा गेला.

बाकीचा उशीर? खिडक्या वेळेत आल्या. एका खिडकीची काच तडकलेली निघाली, तिला पुन्हा तीन आठवडे. तेवढ्यात नवऱ्याने वचन मोडून वायरमनला परस्पर एक पॉइंट हलवायला सांगितला. तो आता फ्रीजच्या बरोब्बर मागे आहे. त्यावर मी काही बोलणार नाही.

शेवटच्या यादीत सत्तावीस बारीक दुरुस्त्या निघाल्या. प्रत्येक पॉइंटला चार्जर लावून बघितला, प्रत्येक टाइलवर लाकडी दांडीने टकटक केलं (पोकळ वाजणाऱ्या चार निघाल्या), दोन्ही बाथरूममध्ये बादली ओतून पाणी कुठे थांबतं ते बघितलं. शेवटचे दहा टक्के हातात होते म्हणून सत्ताविसातले सव्वीस झाले.

पाना_पक्कड

सत्ताविसावं काय राहिलं?

घरटं_सावरतेय

फ्रीजमागचा पॉइंट. ठेकेदार म्हणाला, हा बदल वहीत नाही.

निवांत

:) आणि भिंतींचे फोटो काढले होते का?

घरटं_सावरतेय

काढले, दोन्ही पट्ट्या लावून. गेल्या आठवड्यात बेसिनच्या वर शेल्फ लावायचं होतं, ड्रिल भिंतीला टेकवलं आणि आठवलं. फोटो उघडून माप घेतलं, गरम पाण्याची लाइन बरोबर त्याच जागी. शेल्फ चार बोटं डावीकडे सरकवलं. आता ते आरशाच्या मध्यावर येत नाही आणि दात घासताना रोज दिसतं.